पोटाला घंटा कशी कळते?

नाशिकला सातपूरच्या एका शाळेत सातवीच्या वर्गावर आम्ही गेलो होतो. वर्गशिक्षिका आमच्या ओळखीच्या. त्यांनी पचनसंस्थेचा पाठ नुकताच संपवला होता आणि मुलांना काही विचारायचे असेल तर पाहुण्यांना विचारा, असे सांगून त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. दोन-तीन नेहमीचे प्रश्न झाले. मग एक मुलगी उठली.

"मधली सुट्टी व्हायच्या आधीच भूक लागते. घंटा तर झालेली नसते. मग पोटाला कसं कळतं?"

"पोट रिकामं होतं म्हणून," शेजारच्या मुलाने परस्पर उत्तर देऊन टाकले.

"मग रविवारी नाश्ता उशिरा केला तरी त्याच वेळेला का लागते? आणि माझे बाबा तिसऱ्या पाळीला असले की रात्री एक वाजता डबा खातात. ते म्हणतात, भूक नसते, पण सुट्टी तेव्हाच होते म्हणून खातो. तेव्हा तर पोट रिकामंच असतं ना?"

वर्ग गप्प झाला, आणि खरे सांगायचे तर आम्हीही. पोट रिकामे झाले की भूक लागते, हे पुस्तकातले उत्तर चूक नाही. पण या मुलीच्या दोन्ही उदाहरणांना ते पुरत नाही. एका उदाहरणात पोट भरलेले असून भूक आहे आणि दुसऱ्यात पोट रिकामे असून नाही. वैज्ञानिकांनाही याच जागी अडखळायला झाले होते. भुकेचा अभ्यास करणारे एकीकडे आणि शरीरातल्या वेळेचा अभ्यास करणारे दुसरीकडे, असे पन्नासएक वर्षे चालले. त्या दोघांची गाठ कशी पडली, ती हकीकत आम्ही त्या दिवशी वर्गात सांगू शकलो नाही. ती येथे सांगतो.

मधमाश्यांपासून सुरुवात करू. ऑग्युस्त फोरेल नावाचे एक स्विस डॉक्टर होते. पेशाने मनोविकारतज्ज्ञ, पण जीव जडला होता मुंग्यांवर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते उन्हाळ्यात घराच्या गच्चीवर बसून न्याहारी करीत आणि मुरंब्याच्या वासाने मधमाश्या येत. एके दिवशी न्याहारी आत घेतली, गच्चीवरच्या टेबलावर काहीही नव्हते. तरी ठरलेल्या वेळी मधमाश्या हजर! वास नाही, रंग नाही, मुरंबा नाही. मग त्यांना बोलावले कोणी? वेळेने, असा फोरेल यांचा तर्क.

तर्काला प्रयोगाची जोड मिळाली १९२९ मध्ये. मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश यांच्या एक विद्यार्थिनी इंगेबोर्ग बेलिंग यांनी मधमाश्यांना रोज एका ठरावीक वेळी साखरेचे पाणी ठेवले आणि मग एक दिवस रिकामी वाटी ठेवली. माश्या त्याच वेळी आल्या. हीच माणसे पुढे मिठाच्या खाणीतही पोळी घेऊन गेली, कारण सूर्य दिसत असेल तर तो पाहून माश्या वेळ ओळखत असतील, ही शंका राहतेच. खाणीतही माश्या वेळ चुकल्या नाहीत. शेवटची शंका उरली ती ही, की पृथ्वीच्या फिरण्याचा काही अज्ञात परिणाम खाणीतही पोचत असेल तर? १९५५ मध्ये माक्स रेनर यांनी पॅरिसमध्ये शिकवलेल्या माश्या विमानाने न्यूयॉर्कला नेल्या. तिथे बंद खोलीत त्या जेवायला बाहेर पडल्या त्या पॅरिसच्या वेळेला. म्हणजे घड्याळ माशीबरोबर विमानात बसून आले होते.

त्याच काळात अमेरिकेत बाल्टिमोरला कर्ट रिक्टर उंदीर पाळत होते. उंदराला फिरते चाक द्यायचे आणि तो केव्हा किती धावतो याची नोंद आपोआप होईल अशी व्यवस्था करायची, ही त्यांची पद्धत. उंदराला दिवसातून एकदाच ठरल्या वेळी खायला दिले, तर तो खाणे येण्याच्या दोन-तीन तास आधीपासून चाकावर धावू लागतो, हे त्यांनी १९२०च्या दशकात पाहिले. आपल्या मुलांची मधल्या सुट्टीआधीची चुळबूळ आठवा. फरक इतकाच, की उंदराला कोणी 'नीट बस' म्हणत नाही.

आता दुसरीकडे वळू. भूक मेंदूत कुठे असते, हा प्रश्न घेऊन काही लोक उंदरांच्या मेंदूत सूक्ष्म जखमा करून पाहत होते. मेंदूच्या तळाशी, टाळूच्या वरच्या अंगाला, जेमतेम बदामाएवढा एक भाग आहे. त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. शरीराचे तापमान, तहान, भूक अशा घरगुती कामांचा कारभार तिथून चालतो. १९४० मध्ये हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी या भागाच्या मधल्या तुकड्याला इजा केली, तर उंदीर लठ्ठ झाले. १९५१ मध्ये येल विद्यापीठात बाळ कृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी त्याच्या बाजूच्या तुकड्याला इजा केली, तर उलटे झाले. समोर अन्न असूनही उंदीर खाईनात आणि उपाशी मेले. 'भुकेचे केंद्र' हा शब्द तेव्हापासून पाठ्यपुस्तकात आला. आनंद पुढे भारतात परतले आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत त्यांनी शरीरक्रियाशास्त्राचा विभाग उभा केला. तिथे १९६०च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच भागातल्या एकेका चेतापेशीचे विद्युत संदेश टिपले. रक्तात ग्लुकोज वाढवले की तृप्तीच्या भागातल्या पेशी जास्त बोलू लागतात आणि भुकेच्या भागातल्या शांत होतात, असे त्यांना दिसले. भारतीय प्रयोगशाळेत झालेले हे काम आपल्या पुस्तकांत का येत नाही, हे आम्हाला कधी कळलेले नाही.

आपल्याकडेही हा धागा सुटला नाही. निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आधी नागपूरला आणि नंतर पुण्याच्या आयसर संस्थेत, मासे आणि उंदीर यांच्या मेंदूत भूक वाढवणारी आणि कमी करणारी छोटी प्रथिने कुठे तयार होतात आणि उपास पडला की त्यांचे काय होते, याचा अनेक वर्षे पाठपुरावा केला.

पण या साऱ्या चित्रात एक गोष्ट नव्हती: वेळ. भुकेचे केंद्र रक्तातली साखर मोजते, हे ठीक. मग ते सकाळी अकराला एक बोलते आणि रात्री एकला दुसरे, असे का?

याचे अर्धे उत्तर १९७२ मध्ये मिळाले, आणि तेही एकाच वेळी दोन ठिकाणी. डोळ्यांकडून येणाऱ्या दोन चेता मेंदूच्या तळाशी एकमेकींना ओलांडतात. त्या फुलीच्या बरोबर वर, हायपोथॅलॅमसच्या पुढच्या टोकाला, पेशींचे दोन बारीक पुंजके आहेत. सुप्राकायझ्मॅटिक न्यूक्लियस असे त्यांचे लांबलचक नाव. आपण 'फुलीवरचा पुंजका' म्हणू. दोन्ही मिळून साधारण वीस हजार पेशी. शिकागोला मूर आणि आयकलर यांनी आणि बर्कलीला स्टेफन आणि झुकर यांनी तो नष्ट करून पाहिला. उंदीर मेले नाहीत, आजारीही दिसेनात. पण त्यांचा दिवस आणि रात्र गेली. एरवी उंदीर बहुतेक खाणे रात्री खातो. हे उंदीर दिवसरात्र थोडे थोडे खात राहिले, थोडे थोडे झोपत राहिले. एकूण खाणे साधारण तेवढेच. भूक शिल्लक होती, वेळापत्रक गेले होते.

मेंदूतले घड्याळ हेच, याबद्दल ज्यांना अजून शंका होती त्यांची ती १९९० मध्ये फिटली. राल्फ, मेनाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हॅम्स्टर या प्राण्याची एक वेगळी जात सापडली होती, जिचा 'दिवस' २४ ऐवजी २० तासांचा होता. या प्राण्याचा पुंजका त्यांनी, ज्याचा स्वतःचा पुंजका काढलेला आहे अशा साध्या हॅम्स्टरमध्ये बसवला. त्याचा दिवस वीस तासांचा झाला. घड्याळ काढून दुसऱ्याचे बसवले आणि वेळ त्या दुसऱ्याची आली.

पेशीत हे घड्याळ चालते कसे, त्याची गोष्ट फळमाशीपासून सुरू होते आणि तिला २०१७चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामुळे ती तुम्ही वाचली असेल. थोडक्यात असे: काही जनुके एक प्रथिन बनवायला सांगतात, ते पुरेसे साचले की पेशीच्या केंद्रकात शिरून आपल्याच जनुकांना थांबवते, मग ते प्रथिन हळूहळू मोडून संपते आणि जनुके पुन्हा सुरू होतात. या एका फेरीला साधारण एक दिवस लागतो.

'साधारण' हा शब्द महत्त्वाचा. हे घड्याळ अगदी चोवीस तासांचे नसते. माणसाचे किंचित लांब असते. म्हणून ते रोज लावावे लागते, पूर्वी आजोबा रेडिओच्या बातम्यांना मनगटी घड्याळ लावीत तसे. आणि ते लावते कोण? उजेड. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत, की त्यांचे काम पाहणे नव्हे, तर बाहेर किती उजेड आहे एवढेच फुलीवरच्या पुंजक्याला कळवणे. त्यांचा नीट उलगडा व्हायला २००२ उजाडले.

उजेडाच्या जोडीला प्राणी इतर खुणाही वापरतात. मदुराईला एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांचे सहकारी एका गुहेतल्या वटवाघळांवर काम करीत. १९७८ मध्ये त्यांनी दाखवले, की काळोख्या गुहेत पिंजऱ्यात ठेवलेले वटवाघूळ बाहेरचा उजेड न दिसताही, गुहेतली बाकीची वटवाघळे खाणे शोधायला बाहेर पडतात आणि परततात त्यांच्यावरून आपले घड्याळ लावते. पंगतीला सगळे उठले की आपणही उठतो, तसेच म्हणायचे.

उजेड घड्याळ लावतो म्हटल्यावर नाशिककरांनी एक हिशोब करून पाहण्यासारखा आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. नाशिक ७३.८ अंशांवर. फरक ८.७ अंश, आणि एका अंशाला चार मिनिटे. म्हणजे शाळेच्या भिंतीवरचे घड्याळ नाशिकच्या सूर्याच्या सुमारे पस्तीस मिनिटे पुढे असते. मैदानात एक काठी रोवा आणि तिची सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते मुलांना पाहायला सांगा. बारा वाजता होणार नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १८-१९ मिनिटांनी होईल आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४९ मिनिटांच्या आसपास. (या दोन महिन्यांतला फरक पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि अक्षाच्या कलामुळे पडतो, तो वेगळा पाठ होईल.) शरीराचे घड्याळ सूर्याचे ऐकते, भिंतीचे नाही. रोनेबर्ग या जर्मन संशोधकाने २००७ मध्ये आपल्या देशातल्या हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा तपासल्या. सगळ्या जर्मनीत घड्याळ एकच. पण पूर्वेकडून पश्चिमेकडे जावे तसतशा लोकांच्या झोपेच्या वेळा एका अंशाला चार मिनिटे या दराने मागे सरकलेल्या त्यांना आढळल्या.

भिंतीवरचे घड्याळ आपल्याकडे फार जुने नाही. १८७०च्या सुमारापासून १९०५ पर्यंत रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेवर धावत. नाशिकच्या स्टेशनातले घड्याळ गोदाकाठच्या सूर्यापेक्षा सुमारे २६ मिनिटे पुढे असणार, हा आमचा हिशोब. मग १९०६ पासून सध्याची प्रमाणवेळ आली. मुंबईचा सूर्य तिच्या ३९ मिनिटे मागे. त्यावरून मुंबईत केवढा गदारोळ झाला! जानेवारी १९०६ मध्ये जेकब ससून गिरणीतल्या कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध दंगा केला. एप्रिलमध्ये मुंबईच्या नगरपालिकेने पुन्हा आपली जुनी 'मुंबई वेळ' धरली आणि ती थेट १९५५ पर्यंत चालवली. इतिहासकार यामागे परकीय सरकारविषयीचा राग पाहतात आणि ते खरेही आहे. पण पहाटे अंधारात ३९ मिनिटे आधी उठून गिरणीच्या दारात उभे राहायचे, ही अंगावर येणारी गोष्ट होती, हेही विसरू नये.

त्याच गिरण्यांमध्ये जेवणाची वेळ ही मागणी म्हणून पहिल्यांदा कागदावर आली. १८८४च्या सप्टेंबरमध्ये 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजारांच्या आसपास सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. रविवारची सुट्टी या मागणीसाठी लोखंडे सर्वांना आठवतात. ती १८९० मध्ये मिळाली. त्याच अर्जातल्या आणखी दोन मागण्या आमच्या विषयाच्या आहेत. एक, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. दोन, दुपारी अर्धा तास सुट्टी असावी. १८९१च्या कायद्याने ही अर्ध्या तासाची सुट्टी दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान सक्तीची केली. आज आपल्याला इतकी साधी वाटणारी दुपारच्या डब्याची वेळ सह्या गोळा करून मिळवलेली आहे. इतिहासाच्या तासाला हे सांगावे, असे आम्हाला वाटते.

दुसरी मागणी, सूर्यास्ताला थांबण्याची, मात्र विजेच्या दिव्याने निकालात काढली. दिवे आले आणि १९०५च्या सुमारास मुंबईच्या काही गिरण्या दिवसाला चौदा-पंधरा तास चालू लागल्या. १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांत मोठ्या माणसांना बारा तासांची मर्यादा घातली. पुढे तास कमी होत गेले, पण यंत्र रात्री थांबवायचे कारण उरले नव्हते. तास कमी झाले तसे माणसांचे गट वाढले आणि पाळ्या आल्या. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत पहिली, दुसरी, तिसरी हे शब्द घराघरांत सकाळ, दुपार, रात्र यांच्या जागी वापरले जातात. आणि पाळी फक्त कारखान्यातच असते असेही नाही. निफाड-दिंडोरीकडे शेतीपंपाची वीज रात्री येते त्या आठवड्यात पाणी भरायला रात्री मळ्यात जाणाऱ्या माणसाचे जेवण, झोप आणि चहा यांचे काय होते, हे त्या भागातल्या शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

आता पुन्हा उंदरांकडे, कारण त्या मुलीच्या बाबांचा प्रश्न अजून तसाच आहे.

फुलीवरचा पुंजका काढलेल्या उंदराला वेळ कळत नाही, हे १९७२ मध्ये ठरले होते. १९७९ मध्ये त्याच स्टेफन यांनी अशा उंदरांना रिक्टरसारखे दिवसातून एकदाच ठरावीक वेळी खायला दिले. काही दिवसांत उंदीर खाण्याच्या आधी धावू लागले! ज्यांचे घड्याळ काढून टाकले होते, त्यांना जेवणाची वेळ कळत होती. म्हणजे शरीरात आणखी एक घड्याळ होते. ते उजेडावर नव्हे, अन्नावर लावले जात होते. हे दुसरे घड्याळ मेंदूत नेमके कोठे आहे, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. ते एका ठिकाणी नसून अनेक भागांत वाटलेले असावे, असे बरेच जण मानतात.

घड्याळे केवळ मेंदूतच नाहीत, हेही १९९०च्या दशकाच्या अखेरीस कळत गेले. यकृत, स्वादुपिंड, आतडी, चरबी यांच्या पेशींतही तीच जनुके तशाच फेऱ्या घालतात. मेंदूतले घड्याळ शाळेच्या मुख्य घंटेसारखे. वर्गावर्गांत मात्र आपापली घड्याळे. सगळी जुळलेली असली की शरीर पुढचे काम आधीच मांडून ठेवते. पहाटे उठण्याआधीच कॉर्टिसोल वाढू लागते. दिवसा स्वादुपिंड इन्शुलिन सोडायला तयार असते आणि स्नायू साखर उचलायला तयार असतात. यकृत आलेली साखर ग्लायकोजेन करून साठवते. रात्री उपास असणार हे धरून तेच यकृत साठवलेली साखर थोडी थोडी रक्तात सोडते. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक जपानी संशोधकांना १९९९ मध्ये जठरात सापडले, आणि दोनच वर्षांत दिसून आले की रोजच्या जेवणाच्या वेळेआधी ते रक्तात चढते आणि जेवल्यावर उतरते. त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे इथे आहे. घंटा व्हायच्या आधी पोटाला कळते, कारण रोज त्या वेळी डबा उघडतो. रविवारी डबा नसला तरी घड्याळ रविवार ओळखत नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे नेणारा प्रयोग २००० साली जिनिव्हाला झाला. उएली शिब्लर यांच्या प्रयोगशाळेत रात्री खाणाऱ्या उंदरांना फक्त दिवसा खायला दिले. आठवडाभरात त्यांच्या यकृताचे घड्याळ बारा तास सरकले. मेंदूतले मात्र होते तिथेच राहिले, कारण उजेड बदललेला नव्हता. एकाच प्राण्याच्या डोक्यात रात्र आणि पोटात दिवस!

तिसऱ्या पाळीचे हेच होते. माणूस सकाळी आठला कंपनीतून घरी येताना डोळ्यांवर ऊन घेतो, आणि मेंदू म्हणतो दिवस. रात्री एकला डबा उघडतो, आणि यकृत म्हणते जेवण आले म्हणजे दिवस. स्वादुपिंडाला यातले काय मानावे ते कळत नाही. रात्री एकला खाल्लेल्या त्याच तीन चपात्या रक्तातली साखर दुपारपेक्षा जास्त चढवतात. बॉस्टनला २००९ मध्ये शीअर आणि सहकाऱ्यांनी दहा माणसांना प्रयोगशाळेत २८ तासांच्या कृत्रिम दिवसावर ठेवले, म्हणजे त्यांची जेवणे आतल्या घड्याळाच्या सर्व वेळांना येतील. आतली रात्र आणि जेवण एकत्र आले तेव्हा साखर वाढली आणि तृप्ती कळवणारे लेप्टिन घटले. वर्षानुवर्षे पाळीत काम करणाऱ्यांमध्ये मधुमेहाचे आणि हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळते, हे अनेक देशांतल्या पाहण्यांतून आधीच पुढे आले होते. त्याचे एक कारण येथे सापडते.

याच सुमारास उंदरांवरचे आणखी काही प्रयोग गाजले. घड्याळाचे एक जनुक बिघडलेले उंदीर वेळी-अवेळी खातात आणि लठ्ठ होतात (२००५). उंदरांच्या झोपेच्या वेळी त्यांना चरबीयुक्त खाणे दिले तर ते जास्त वजन घेतात (२००९). आणि मूळचे ओडिशाचे सच्चिदानंद पंडा यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने २०१२ मध्ये दाखवले, की तेच चरबीयुक्त खाणे, साधारण तेवढेच, पण रोज आठ तासांच्या आतच दिले, तर उंदीर लठ्ठ होत नाहीत.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण याच प्रयोगावरून पुढे आहाराच्या कितीतरी पद्धती निघाल्या आणि त्या व्हॉट्सॲपवर फिरतात. माणूस उंदीर नाही; उंदराचा सोळा तासांचा उपास त्याच्या अंगावर आपल्या उपासापेक्षा कितीतरी जड असतो. २०२२ मध्ये चीनमध्ये १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभराची चाचणी झाली. सगळ्यांनीच खाणे कमी केले. निम्म्यांनी ते ठरावीक आठ तासांतच घेतले. वजनात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आमचे जैन मित्र सूर्यास्तापूर्वी जेवतात आणि हे प्रयोग वाचून 'आमच्या पूर्वजांना हे ठाऊकच होते' असे म्हणतात. त्यांची सवय यकृताला मानवत असेल. पण त्या नियमामागचे कारण अंधारात जीवजंतूंची हिंसा होऊ नये हे होते, आणि ते कारण आपल्या जागी पुरेसे मोठे आहे. त्याला यकृताचा आधार कशाला हवा? आणि वाढत्या वयाच्या मुलांना तर कोणत्याही कारणाने उपाशी ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

शाळेच्या बाजूने यातून काय निघते? फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय काढला. त्यामागे झोपेचा विचार होता. आमच्या मते जेवणाचाही व्हायला हवा. सकाळी सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठवलेल्या मुलाला नाश्ता नको असतो, तो हट्टीपणा नव्हे. नाशिकच्या सूर्याने तेव्हा त्याच्या शरीरात पाच वाजायलाही पाच मिनिटे कमी असतात. मग अकराच्या सुट्टीपर्यंत तो रिकाम्या पोटी राहतो आणि त्याला आपण लक्ष नसल्याबद्दल बोलतो.

वर्गात करता येण्याजोग्या गोष्टी सोप्या आहेत. दोन आठवडे प्रत्येकाने, भूक पहिल्यांदा जाणवली ती वेळ आणि प्रत्यक्ष खाल्ले ती वेळ, अशा दोनच नोंदी ठेवायच्या. रविवार वगळायचा नाही. लाजाळूची कुंडी बंद खोक्यात ठेवून पाने केव्हा मिटतात ते पाहता येईल. फ्रान्समध्ये द मेरां यांनी हे १७२९ मध्ये केले होते आणि या विषयाची सुरुवात खरे तर तिथूनच मानतात. मधमाश्यांचा प्रयोग मोहापायी करू नका. चावल्या तर निभावणे कठीण. त्याऐवजी शाळेच्या आवारात रोज ठरल्या वेळी दाणे टाकून चिमण्या-कबुतरे किती आधी जमतात ते मोजा.

त्या शाळेत आम्ही दीड महिन्याने पुन्हा गेलो. मुलांनी नोंदी ठेवल्या होत्या. त्या मुलीने वहीत तिसरा रकाना काढला होता, बाबांचा. पहिल्या पाळीच्या आठवड्यात भूक आणि डबा यांत दहा-पंधरा मिनिटांचे अंतर. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात डब्याची वेळ रोज एक, आणि भुकेच्या रकान्यात चार दिवस फुली, पाचव्या दिवशी 'थोडी', सहाव्या दिवशी पुन्हा फुली.

आम्ही तिला बॉस्टनचाच एक नवा प्रयोग सांगितला. २०२१ मध्ये तिथे एकोणीस निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत रात्रपाळी करायला लावली. निम्म्यांनी पाळीवाल्यांसारखे रात्रीही जेवण घेतले. बाकीचे जागे राहिले रात्रीच, पण जेवले दिवसाच. रात्री जेवणाऱ्यांची साखर वाढली, दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही. माणसे थोडी, दिवस थोडे आणि जागा प्रयोगशाळेची, हेही सांगितले. आणि ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाची वेळ हलवू नये, हे दोनदा सांगितले.

तिने ते घरी सांगितले असावे, कारण दुसऱ्या दिवशी बाईंमार्फत निरोप आला. बाबांनी विचारले होते, रात्रीचे जेवण ते निघण्याआधी नऊला करू शकतील, ते काही अवघड नाही. पण एक वाजता सगळे जण डबे उघडून एकत्र बसतात, तेव्हा त्यांनी काय करायचे? बाईंनी सुचवले की त्या वेळी फक्त मूठभर शेंगदाणे आणि ताक घ्यावे, आणि पुढच्या तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात मुलीने चौथा रकाना काढावा. रकाना आखून झाला आहे. पाळी अजून बदललेली नाही.